किल्ली कोणाच्या हाती? : मराठी अक्षर आणि त्यावरील कुलुपे



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. सरांजवळ स्वतःची पुस्तके पुष्कळ होती आणि ती ते मुलांना मोकळेपणाने वाचावयास देत. अट एकच असे. पुस्तक परत आणताना त्यातील आवडलेली दोन पाने स्वतःच्या वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून आणावयाची. पुस्तकाचे भाडे म्हणून सर हेच मागत. त्या वह्यांपैकी दोन आजही माझ्याजवळ आहेत. ज्या पुस्तकांतून मी उतारे घेतले त्यांतील काही आता कोणत्याच ग्रंथालयात मिळत नाहीत. वहीतील दोन पाने तेवढी उरली आहेत.

आजच्या विषयाकडे मी या वह्यांच्या वाटेनेच आले. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने संगणकाच्या कुलुपांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अक्षरावर कुलूप घालणे ही गोष्ट संगणकाने आणलेली नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ती फार जुनी आहे, आणि त्या जुन्या कुलुपाकडे पाहिल्यावाचून नव्या कुलुपाचा नीट विचार करता येत नाही, असे माझे मत आहे.

प्रत करणे हेच जतन करणे

मुद्रणपूर्व काळात ग्रंथ टिकत असे तो प्रतींमुळे. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथीचे रक्षण करावे, अशी विनवणी करणारी अक्षरे पोथीच्या शेवटी लिहिण्याची चाल आपल्याकडे होती. पोथी मूर्खाच्या हाती देऊ नये, असेही त्यात सांगितलेले असे. म्हणजे ग्रंथ कोणाच्या हाती जावा याची चिंता तेव्हाही होतीच. तरीही पोथी उतरवून घेणे हे पुण्यकर्म मानले जाई.

या प्रतींचा एक उपयोग आपण सहसा ध्यानात घेत नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठण येथे ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले होते. ते दूर करता आले, याचे कारण पडताळून पाहावयास प्रती उपलब्ध होत्या. ग्रंथाची एकच प्रत असती आणि ती एकाच्याच पेटीत असती, तर कोणता पाठ खरा हे ठरविणे नाथांनाही शक्य झाले नसते. ज्या पैठणात हे कार्य झाले ते १९५६ पर्यंत आपल्या हैदराबाद राज्यातच होते, हेही या सभागृहात आठवण करून देण्याजोगे आहे.

सकळ लिपी

याच गोदातीरावरील प्रदेशात एक वेगळा प्रयोगही घडला. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात तेराव्या शतकाच्या अखेरीस, शके १२००च्या सुमारास, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ होय. त्याची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी ज्याच्या त्याच्या स्मरणातून तो पुन्हा उभा केला, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. पुढे चौदाव्या शतकात पंथातील मंडळींनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिण्यास प्रारंभ केला. त्यांत सकळ लिपी मुख्य, आणि सुंदरी, अंक अशा इतरही. वर्णमालेतील एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह योजावयाचे, अशी ही रीत होती. संकेत ठाऊक असणारा सहज वाची. इतरांना तो अर्थहीन अक्षरांचा ढीग वाटे.

हे का केले गेले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपले ब्रह्मविद्येचे ग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, हा हेतू कोणी सांगतात. प्रतिकूल काळात ग्रंथांचे रक्षण व्हावे, हा हेतू कोणी सांगतात. दोन्ही खरे असू शकतील. या कुलुपाचा एक लाभही झाला, तो मान्य केला पाहिजे. बाहेरच्या लेखकांचे हात न लागल्याने भाषेची पुष्कळ जुनी रूपे या ग्रंथांत टिकून राहिली.

परंतु त्याची किंमतही मोठी पडली. पाचशेहून अधिक वर्षे हे वाङ्मय पंथाबाहेरच्या मराठी माणसाला अज्ञात राहिले. एकोणिसाव्या शतकात आपल्या भाषेच्या पूर्वेतिहासाचा विचार सुरू झाला, तेव्हा त्यात म्हाइंभटांना स्थान नव्हते. ज्या पंथाचे ग्रंथ वाचता येत नव्हते त्या पंथाविषयी लोकांत नाना गैरसमज पसरले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी या लिपींचा उलगडा झाला. त्यानंतर य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदींनी हे धन मराठी वाचकांपुढे ठेवले आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभ नव्याने लिहावा लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सकळ लिपीचे कुलूप उघडू शकले, कारण किल्ली जिवंत होती. मठामठांतून, गुरूकडून शिष्याकडे ती येत राहिली. पंजाब आणि काबूलपर्यंत गेलेल्या महानुभावांनीही आपले मराठी ग्रंथ वाचणे सोडले नाही. कुलूप घालणाऱ्यांनीच किल्ली पाचशे वर्षे सांभाळली. आपल्या काळातील कुलुपांविषयी असे म्हणता येईल का, हा माझ्या आजच्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

खिळ्यांपासून डोंगलपर्यंत

मुद्रण आले आणि अक्षरजुळणीचा उद्योग उभा राहिला. देवनागरीची जोडाक्षरे, काने, मात्रा यांचे शेकडो खिळे खणाखणांच्या पेटीतून उचलून जुळारी ओळ बांधीत असे. काम किचकट होते. परंतु एकदा कागदावर उमटलेले अक्षर वाचावयास कोणाची अनुज्ञा लागत नसे. एक मुद्रक बंद पडला, तर दुसरा छापील पानावरून पुन्हा जुळवी.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९०च्या दशकात ही पेटी गेली आणि संगणक आला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिपींसाठी जिस्ट हे तंत्र पुढे नेले. आयएसएम, श्रीलिपी, आकृती ही नावे डीटीपीच्या दुकानांतून घरगुती झाली. या मंडळींनी केलेले काम लहान नव्हते. देवनागरीचा एक सुबक टंक सिद्ध करावयाचा, तर शेकडो आकृत्या रेखाटाव्या लागतात आणि त्यात महिनोन् महिने जातात. त्याची नक्कल मात्र फ्लॉपीवर मिनिटभरात होई. आपल्या श्रमाचे मोल बुडू नये, असे त्यांना वाटले तर त्यात गैर काहीच नव्हते.

म्हणून कुलूप आले. संगणकाच्या मागे जिथे प्रिंटरची वायर जोडतात तिथे आगपेटीएवढा एक ठोकळा लावावा लागे. त्याला कोणी लॉक म्हणत, कोणी डोंगल. तो जागेवर असल्यावाचून अशा प्रणाली चालत नसत. फ्लॉपीची नक्कल केली, तरी ठोकळ्याची नक्कल सामान्य माणसाला करता येत नसे.

याखेरीज आणखी एक कुलूप होते, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे अधिक चिवट होते. संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक जगभर एकच ठरलेले होते. देवनागरीसाठी आयएससीआयआय हे भारतीय मानक १९९१ मध्ये सिद्ध झाले. तथापि छपाईच्या टंकांत प्रत्येक निर्मात्याने आपल्या सोयीने, इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसविले. एकाच्या टंकात जिथे अर्धा 'क' तिथे दुसऱ्याच्या टंकात वेलांटी. त्यामुळे एका प्रणालीत लिहिलेला मजकूर दुसरीत उघडला की निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग दिसे. तो पाहून मला पहिल्यांदा आठवण झाली ती सकळ लिपीची.

एका शब्दसंग्रहाची कथा

आता थोडे स्वतःविषयी बोलते, त्याबद्दल क्षमा असावी. हैदराबादेतील मराठी घरांत बोलली जाणारी भाषा पुण्या-मुंबईच्या भाषेहून निराळी आहे. दखनीने आपल्याकडून 'नको' घेतला आणि त्याचा 'नक्को' केला. आपला जोर देणारा 'च' तिने उचलला. आपणही दखनीकडून आणि तेलुगूकडून कितीतरी घेतले. सुलतान बाजार, काचीगुडा, शालिबंडा या भागांतील जुन्या घरांत जाऊन, तेथील वृद्ध स्त्रियांच्या तोंडून असे शब्द आणि वाक्प्रयोग मी सुमारे चौदा वर्षे टिपून घेतले. सण, स्वयंपाक, बाळंतपण, भांडण अशा प्रसंगी जे शब्द सहज येतात ते विचारून मिळत नाहीत. त्यासाठी ओट्यावर बसून राहावे लागते.

१९९६ मध्ये हा संग्रह मी एका डीटीपीच्या दुकानात जुळवणीस दिला. दुकानाचे मालक सचोटीचे गृहस्थ होते. बाजारात त्याच प्रणालीची कुलूप तोडलेली प्रत स्वस्तात मिळत असताना त्यांनी कर्ज काढून कुलपासह अधिकृत प्रत घेतली होती. 'अ' ते 'न' हा पहिला भाग १९९७ मध्ये छापून झाला. 'प' ते 'ह' हा दुसरा भाग जुळला, मी मुद्रिते तपासली, दुरुस्त्या झाल्या. पैशांअभावी छपाई मात्र लांबली. हस्तलिखित कार्डे आणि तपासलेली मुद्रिते, आता फ्लॉपी आहे म्हणून, मी निष्काळजीपणे एका दमट खोलीत ठेवली आणि वाळवीने ती खाल्ली. हा दोष माझाच.

पुढे ते गृहस्थ वारले, दुकान मोडले, यंत्रे विकली गेली आणि त्यांबरोबर तो ठोकळाही गेला. मी संबंधित कंपनीकडे पत्राने विचारणा केली. ती आवृत्ती बंद झाली आहे, नवी विकत घ्यावी, मात्र जुना मजकूर तीत उघडेल याची हमी देता येणार नाही, असे उत्तर आले. ज्यांनी कुलूप तोडलेली प्रत घेतली होती, त्यांचे काम त्याही काळात बिनबोभाट चालले होते. ठोकळा हरवणे, कंपनीने आवृत्ती बंद करणे, संगणकाची मागची खाचच नाहीशी होणे, ही सारी संकटे पैसे मोजून घेणाऱ्या माणसावर आली. चौर्य करणाऱ्याला कुलपाचा उपद्रव होत नाही, कारण त्याने ते आधीच काढून टाकलेले असते.

पुष्कळ वर्षांनी माझ्या एका विद्यार्थिनीच्या मुलाने हे काम हाती घेतले. तो संगणक अभियंता. पहिल्या भागाची फाईल आणि त्याच भागाचे छापील पुस्तक त्याने शेजारी ठेवले. या चिन्हाच्या जागी छापील पानावर हे अक्षर आहे, असे टिपत त्याने कोष्टक तयार केले आणि ते कोष्टक दुसऱ्या भागास लावले. ज्ञात मजकुराच्या साहाय्याने अज्ञात लिपीची किल्ली शोधण्याची ही विद्या जुनी आहे. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये सांचीच्या कोरीव लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे 'दानं' अशी ओळखली आणि ब्राह्मीचा उलगडा पुढे नेला, त्याच जातीची.

दुसरा भाग बहुतांशी वाचता आला. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी पडली होती, रफार भलत्या अक्षरावर बसला होता. ते सारे हाताने नीट केले. परंतु काही जोडाक्षरे अशी होती, की ती पहिल्या भागात एकदाही आली नव्हती. त्यांची किल्ली छापील पुस्तकात नव्हती. संदर्भाने जी लागली ती लावली. तरीही अकरा शब्द अडून राहिले. ज्या स्त्रियांनी ते मला सांगितले त्यांतील आज कोणीही हयात नाही. त्यांच्या मुली, सुना यांना विचारले. त्यांना ते ठाऊक नव्हते. संग्रहात त्या अकरा ठिकाणी मी अर्थ दिला आहे आणि शब्दाच्या जागी रेघ ओढली आहे.

एका भाषेच्या इतिहासात अकरा शब्द म्हणजे काही फार मोठी हानी नव्हे, असे कोणी म्हणेल. मला ते म्हणवत नाही.

सामाईक क्रमांक

ही स्थिती पालटली ती युनिकोडमुळे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा गट होता आणि त्याची मांडणी आपल्याच आयएससीआयआयच्या १९८८च्या आराखड्यावर आधारलेली होती. 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ ठरला. अक्षराची आकृती कोणीही काढावी, विकावी, तिचे मोल घ्यावे, क्रमांक मात्र सर्वांचा एकच. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची ही सोय आली. तिच्यासोबत सुप्रसिद्ध अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा टंक घरोघरी पोहोचला. आज आपल्या नातवंडांच्या दूरध्वनीवर मराठी संदेश विनासायास उमटतो, त्यामागे हा करार आहे.

परंतु कुलुपांचा इतिहास येथे संपला नाही. डीव्हीडीच्या तबकड्यांसाठी जगाचे विभाग पाडले गेले. अमेरिका पहिल्या विभागात, भारत पाचव्या विभागात. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने पैसे देऊन घेतलेली तबकडी भेट म्हणून आणावी आणि ती इथल्या यंत्राने नाकारावी, असा अनुभव या सभागृहातील काहींना नक्कीच आला असेल. २००५ मध्ये सोनी बीएमजी या कंपनीच्या काही संगीत-तबकड्या गिऱ्हाइकाच्या संगणकात गुपचूप एक संरक्षक प्रणाली बसवितात आणि त्यामुळे संगणकच असुरक्षित होतो, असे उघडकीस आले व त्या मागे घ्याव्या लागल्या. २००९ मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती, विक्रेत्याला त्यांचे हक्क नव्हते म्हणून, वाचकांच्या यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. त्यांत '१९८४' ही कादंबरीही होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकत घेतलेली पुस्तकेही वाचेनाशी झाली. पैसे परत मिळाले. पुस्तके मिळाली नाहीत.

कायद्याचे बोलायचे, तर आपला १९५७चा लेखनाधिकार कायदा लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत राखतो. मर्यादा आहे, म्हणजे शेवटही आहे. कुलपाला मात्र असा शेवट ठाऊक नसतो. हक्क संपल्यावर ते आपोआप उघडत नाही. २०१२च्या दुरुस्तीने या कायद्यात ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. परंतु कायद्याने ज्याची मनाई नाही अशा कामासाठी ते मोडले, तर तो अपराध नव्हे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. त्यासाठी दुसऱ्याला साहाय्य करणाऱ्याने त्याचे नाव-पत्ता नोंदवून ठेवावा, एवढी अट आहे. चोर आणि घरधनी यांतील भेद आपल्या कायद्याने ओळखला, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि घरधन्याला किल्ली देण्याचे बंधन त्याने कोणावर घातलेले नाही. १९५४च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल करण्यास प्रकाशकाला भाग पाडले. बंद पडलेल्या कुलपाची किल्ली ठेवण्यासाठी तशी जागा नाही.

समारोप

श्रोतेहो, लेखकाला, अक्षरकाराला, कलावंताला त्याच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. त्यासाठी कुलूप घालावे लागले, तर घालावे. माझे म्हणणे इतकेच, की जो कुलूप घालतो त्याच्यावर किल्ली सांभाळण्याचे दायित्व येते. महानुभावांनी ते पिढ्यान् पिढ्या पाळले. दुकान बंद करताना किल्ली सार्वजनिक ठिकाणी ठेवून जाण्याची सक्ती असावी, अशी मागणी ग्राहक म्हणून, वाचक म्हणून आपण केली पाहिजे.

आणि ती मान्य होईपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करावे. या शाळेची जुनी वार्षिके, स्मरणिका, शताब्दीसाठी जमविलेल्या आठवणी यांतील किती मजकूर १९९० ते २००५ या काळातील फ्लॉप्यांवर आणि तबकड्यांवर अडकून पडला आहे, याची माजी विद्यार्थ्यांनी पाहणी करावी. आपल्यांत अभियंते पुष्कळ आहेत. छापील प्रत हाती असेल, तोवर कोष्टक बनविता येते. छापील प्रतही गेली, की माझ्या अकरा शब्दांसारखी रेघ ओढावी लागते. नवे जे लिहाल ते युनिकोडमध्ये लिहावे, त्याच्या दोन प्रती दोन घरी ठेवाव्यात आणि एक कागदावर काढावी.

सर आम्हांला दोन पाने उतरवून आणावयास का सांगत, हे तेव्हा कळले नव्हते. हस्ताक्षर सुधारावे म्हणून असेल, असे वाटे. आज घरी जाल तेव्हा आपणही आपल्या कपाटातील एखाद्या दुर्मिळ पुस्तकाची दोन पाने उतरवून ठेवावीत, एवढी विनंती करते.